दिवाळी अंकाला पहिली कथा पाठवायचीय? मग लिहायचं टाळणं असं थांबवा

एप्रिल-मे आला की ओळखीतलं कोणी ना कोणी म्हणतंच, यंदा दिवाळी अंकाला कथा पाठवणार आहे, डोक्यात सगळी तयार आहे, कागदावर उतरवायची तेवढी बाकी आहे. मग जून जातो, जुलै जातो, गणपती येतात, अंक स्टॉलवर लागतात आणि कथा अजून डोक्यातच. हा लेख अशांसाठी आहे, म्हणजे ज्यांना नोकरी आहे किंवा घर सांभाळायचंय किंवा दोन्ही, लिहिता बऱ्यापैकी येतं, पण सुरू केलेलं पुरं होत नाही. कथा चांगली कशी लिहावी हे इथे सांगणार नाहीये, ती लिहून संपवावी कशी एवढंच.

मराठीतला पहिला दिवाळी अंक १९०९ चा, काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकाचा. तेव्हापासून मराठीत कथा लिहिणाऱ्याला वर्षातून एकदा तरी बाहेरून ठरलेली तारीख मिळते, ही लहान सोय नाही. बऱ्याच भाषांतल्या नवशिक्यांना तारीख स्वतःच्या मनाने ठरवावी लागते आणि मनाने ठरवलेली तारीख मनानेच पुढे जाते. आपल्याला आयती मिळालीय तर वापरूया.

नक्की काय टाळताय ते आधी बघा

वेळ मिळत नाही असं सगळेच म्हणतात आणि वेळ कमी असतो हे खरंच आहे, पण जो अर्धा तास मिळतो त्यात आपण काय करतो? मोबाइलवर रील्स बघतो, नाहीतर ज्या कपाटाकडे वर्षभर बघितलं नाही ते आवरायला घेतो. टाळाटाळीचा अभ्यास करणारे टिमथी पिचिल आणि फ्यूशिया सिरवा यांनी २०१३ मध्ये मांडलेलं मला पटतं, की हा वेळेच्या नियोजनाचा प्रश्न कमी आणि मूड सांभाळण्याचा जास्त आहे. काम समोर आलं की कसंतरी होतं, ते जावं म्हणून आपण दुसरं काहीतरी करतो, लगेच बरं वाटतं, आणि मग त्या बरं वाटण्याचीच सवय लागते.

लेखनात हे कसंतरी होणं येतं कुठून? थोडं 'लोक काय म्हणतील' मधून, त्यावर माझ्याकडे काही उपाय नाही, दहा पुस्तकं नावावर असणाऱ्यांचंही ते जात नाही. पण बरंचसं येतं ते एका साध्या गोष्टीतून, की बसल्यावर पुढचं वाक्य काय लिहायचं ते ठरलेलं नसतं. 'कथा लिहायची' हे इतकं मोठं आणि धूसर आहे की त्याला हात कुठून घालायचा तेच कळत नाही. 'रमाकाका एसटीतून उतरतो आणि स्टँडवर कोणीच घ्यायला आलेलं नसतं' हे मात्र लिहिता येतं. खालच्या सगळ्या पायऱ्या शेवटी याच एका गोष्टीसाठी आहेत, उद्या बसाल तेव्हा पहिलं वाक्य तयार असलं पाहिजे.

टाळाटाळ कधीकधी कामाचे कपडे घालून येते, ती ओळखायला शिका. "अजून थोडा अभ्यास करतो मग लिहितो." नवीन वही, नवीन पेन. लेखकांच्या मुलाखती यूट्यूबवर लावून बसणं. कोणता फॉन्ट चांगला दिसतो यावर अख्खी संध्याकाळ. आणि सगळ्यात घातक म्हणजे मित्रांना कथा सांगणं, चहावर रंगवून सांगितली, सगळे "वा" म्हणाले की लिहायची खुमखुमी तिथेच निम्मी होते. खर्डा पुरा होईपर्यंत कथा कोणाला सांगू नका. बायकोलाही नाही, नवऱ्यालाही नाही.

तारखेपासून उलटं मोजा

नवख्यांचा इथे घोळ होतो. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये म्हणजे आपल्याकडे सप्टेंबरपर्यंत वेळ आहे असं वाटतं. तसं नसतं. अंक दिवाळीच्या आधी वाचकाच्या हातात पडायला हवा, त्याआधी छपाई, त्याआधी मांडणी, चित्रं, मुद्रितशोधन, जाहिरातींची जुळवाजुळव, आणि या सगळ्याच्या मध्ये गणपती. त्यामुळे कथा साधारण जून ते ऑगस्टच्या दरम्यान मागतात, प्रत्येक अंकाची तारीख वेगळी, ती त्यांच्या आवाहनात बघून घ्या आणि दिसत नसेल तर सरळ फोन करून विचारा, कोणी खात नाही.

यात अधिक महिन्याची एक गंमत आहे. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ते ८ नोव्हेंबरला. लोक खूश होतात की अडीच आठवडे जास्त मिळाले. पण संपादकाने तारीख जाहीर केलीय तीच तारीख, पंचांगाकडे बघून तुम्ही ती वाढवायची नाही.

समजा तारीख ३१ जुलै आहे आणि कथा ३००० शब्दांची. तर असं मांडा:

२१ ते ३१ जुलै मोकळे. हे दिवस आजारपण, लाइट जाणं आणि ऐनवेळी येणारे पाहुणे यांच्यासाठी. यात कथेचं काम ठेवायचंच नाही, तुमच्यासाठी तारीख २० जुलै.
६ ते २० जुलै दुसरा खर्डा आणि शुद्धलेखन.
२८ जून ते ५ जुलै फाइल बंद. अजिबात उघडायची नाही.
१ ते २७ जून पहिला खर्डा. आठवड्यातले चार दिवस, रोज २०० शब्द, म्हणजे चार आठवड्यांत ३२००.
मेचा शेवटचा आठवडा फक्त ठरवायला: कथा कोणाची, त्याला काय हवंय, आडवं काय येतं, शेवट साधारण कुठे होतो. अर्धं पान पुरे. शेवट नंतर बदलला तरी चालतो पण आत्ता एक असू द्या.

फाइल बंद ठेवायचा आठवडा लोक हमखास खाऊन टाकतात. नका खाऊ. लगेच वाचलं तर आपण काय लिहिलंय ते न दिसता आपल्याला काय लिहायचं होतं तेच दिसतं.

आणि हो, जूनच्या मध्यात शाळा सुरू होतात, विदर्भात थोड्या उशिरा. घरात पोरं असतील तर तो आठवडा वह्यांना कव्हरं घालण्यात, दप्तर-रेनकोटच्या खरेदीत जाणार हे आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्या आठवड्यात चारऐवजी दोन दिवस धरा. दोनशे शब्द जास्तीचे आहेतच, राहिलेले दोनशे बाकीच्या तीन आठवड्यांत सहज निघतात आणि नाही निघाले तर कथा २८०० शब्दांची होईल, त्याने काही बिघडत नाही. आधी माहीत असलेली अडचण प्लॅनमध्ये टाकली की नंतर ती कारण म्हणून वापरता येत नाही.

आकडा लाज वाटेल इतका छोटा ठेवा

दोनशे शब्द म्हणजे वहीचं जेमतेम एक पान. "एवढंच?" असं वाटलं पाहिजे, कारण ज्या दिवशी ऑफिसमध्ये साहेबाने डोकं खाल्लंय आणि घरी येताना लोकल अर्धा तास लेट झालीय त्या दिवशीही ते झालं पाहिजे. हजार शब्दांचा संकल्प पहिल्या सोमवारी मस्त वाटतो आणि गुरुवारपर्यंत मोडतो.

अमेरिकेत १९९९ मध्ये एक उपक्रम सुरू झाला होता, नोव्हेंबर महिन्यात ५०,००० शब्दांची कादंबरी लिहायची, म्हणजे रोज साधारण १६६७ शब्द. जगभर गाजला तो, आपल्याकडचेही बरेच जण करायचे, २०२५ मध्ये तो चालवणारी संस्था बंद होत असल्याचं जाहीर झालं. ज्यांना जमलं त्यांना सलाम, पण पहिलीच कथा लिहिणाऱ्याने त्या आकड्याच्या नादी लागू नये, त्यातून नोव्हेंबर म्हणजे आपल्याकडे फराळ आणि पाहुणे.

नोकरी करून लिहिणाऱ्यांनी ज्याच्याकडे बघावं असा माणूस म्हणजे अँथनी ट्रोलप, एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार. नोकरी पोस्ट खात्यात, ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या टपालपेट्या आणण्याचं श्रेय त्यालाच देतात. पहाटे साडेपाचला टेबलाशी, घड्याळ समोर, दर पंधरा मिनिटांना २५० शब्द, आणि मग ऑफिस. चाळीसहून जास्त कादंबऱ्या लिहिल्या. त्याचा वेग आपल्यासाठी नाहीच, पण त्याच्या आत्मचरित्रातली एक गोष्ट मला भारी आवडते, पहाटे उठवून कॉफी आणून द्यायला म्हणून तो नोकराला वर्षाला पाच पौंड जादा द्यायचा, आणि आपल्या यशाचं श्रेय त्या नोकराइतकं दुसऱ्या कोणाला नाही असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. म्हणजे एवढा शिस्तीचा माणूस, पण स्वतःच्या इच्छाशक्तीवर अवलंबून राहिला नाही, पैसे देऊन माणूस ठेवला. (अर्थात त्या नोकराला त्याच्याही आधी उठावं लागत असणार, पण ते कोण विचारतो.)

वेळ आणि जागा बांधा

'रोज लिहीन' हे ठरवणं निरुपयोगी आहे. 'सकाळी दूध गॅसवरून उतरवलं की किचनच्या ओट्याशी वही घेऊन बसेन' हे उपयोगी. पीटर गोलविट्झर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात यावर बरंच काम केलंय, कधी-कुठे-कसं हे आधीच 'अमुक झालं की तमुक करेन' असं ठरवलं तर काम होण्याची शक्यता वाढते, कारण ऐनवेळी ठरवायचं काही उरतच नाही. त्यामुळे घड्याळातली वेळ शोधण्यापेक्षा रोज होणारीच एखादी गोष्ट पकडा आणि तिच्या मागे लेखन लावा. पहिला चहा झाला की, मुलाची स्कूलबस गेली की, डबा संपवून जेवणाच्या सुट्टीतली उरलेली पंधरा मिनिटं.

लोकलमध्ये लिहिता येतं का, असं मुंबईकर विचारतात. बसायला मिळत असेल तर येतं, पनवेलहून सकाळी गाडी सुटते तिथून चढत असाल तर उत्तम. विरार फास्टमध्ये दाराशी उभं राहून नका करू कृपया. तेव्हा फक्त पुढच्या वाक्याचा विचार करा आणि उतरल्यावर मोबाइलमध्ये टिपून ठेवा, तेवढंही काम झालं.

मोबाइलबद्दल एकच. लिहिताना तो दुसऱ्या खोलीत ठेवा, पालथा घालून शेजारी ठेवणं पुरत नाही. मोबाइलवरच लिहीत असाल तर एअरप्लेन मोड. हाताने लिहिणाऱ्यांचं याबाबतीत बरं आहे, वहीवर नोटिफिकेशन येत नाही. बोलून टाइप करण्याची सोय आता मराठीत बऱ्यापैकी चालते, संवाद लिहायला तर छानच, फक्त जोडाक्षरं आणि विरामचिन्हं नंतर तपासावी लागतात.

उठताना उद्याचं वाक्य मागे ठेवा

सगळ्या लेखातलं एकच घ्यायचं असेल तर हे घ्या. आपल्याला सवय असते प्रसंग संपवून उठायची, परिच्छेद पुरा झाला, बरं वाटलं, बंद. मग दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर बसतो आणि पुन्हा तेच, आता काय. त्यापेक्षा दोनशे शब्द झाले की मध्येच थांबा, पुढे काय होणार हे माहीत असताना थांबा. अमेरिकन लेखक हेमिंग्वे हेच करायचा, पुढे काय होणार ते माहीत असेल तिथेच थांबायचा. जमलं तर वाक्य अर्धवट सोडा. 'सुमनने पत्र उघडलं आणि' एवढंच. दुसऱ्या दिवशी हात आपोआप ते पुरं करायला जातो.

आणि खाली 'पुढे:' लिहून एक-दोन ओळी टाका. सुंदर लिहायची गरज नाही, निरोपासारख्या. 'पुढे: पत्र भावाचं नाही, बँकेचं आहे. ती सासूपासून लपवते. कुठे? तांदळाच्या डब्यात?' ही शेवटची दोन मिनिटं दोनशे शब्दांइतकीच महत्त्वाची आहेत, आणि घाईत सगळ्यात आधी हीच कापली जातात, म्हणून मी तर म्हणेन शब्द दीडशेच झाले तरी चालतील पण 'पुढे:' लिहिल्याशिवाय उठायचं नाही.

काही दिवस 'पुढे:' काय ते खरंच सुचत नाही. मग तिथे प्रश्न लिहा. 'ती पत्र का लपवते?' आणि भांडी घासताना, गाडी चालवताना तो प्रश्न डोक्यात राहू द्या, एकच प्रश्न. 'माझ्या कथेचं काय करू' हा प्रश्न गाडीवर सुटत नाही, हा सुटतो.

वाईट लिहा, पण मागे जाऊ नका

पहिला खर्डा लिहिताना वर स्क्रोल करायचं नाही हा नियम. काल लिहिलेलं शेवटचं वाक्य आणि 'पुढे:' एवढंच वाचायचं आणि सुरू. पहिला परिच्छेद पुन्हा पुन्हा घासत बसणारे लोक मी खूप बघितलेत, पहिला परिच्छेद झकास असतो आणि दुसरा नसतोच.

अडलात तर तिथे खूण ठेवून पुढे जा. गावाचं नाव सुचत नाही, १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर मजुरी किती मिळायची ते माहीत नाही, तर शोधायला इंटरनेटवर जाऊ नका, एकदा गेलात की तासाभराने क्रिकेटचा स्कोअर बघत असता. तिथे 'ठठठ' टाइप करा. तीन ठ एकापुढे एक असलेला शब्द मराठीत तुम्हाला सापडायचा नाही, त्यामुळे शेवटी फाइलमध्ये 'ठठठ' शोधलं की सगळ्या राहिलेल्या जागा एका दमात सापडतात. ते सगळं दुसऱ्या खर्ड्याच्या वेळी एकदाच बसून भरायचं.

दिवस बुडाला तर

बुडणारच. बुडालेले दोनशे शब्द दुसऱ्या दिवसावर टाकायचे नाहीत. आज चुकलं म्हणून उद्या चारशे, उद्याही काही झालं नाही म्हणून परवा सहाशे, ही सावकारी आहे, चार दिवसांत आकडा असा होतो की वहीकडे बघवत नाही. बुडाला तो बुडाला, आज दोनशेच. आठवड्याला चार दिवस धरलेत ते यासाठीच, तीन दिवस मुळात मोकळे आहेत.

सलग दोन आठवडे काहीच झालं नाही तर मात्र प्लॅन बघा. बहुतेक वेळा कारण दोनपैकी एक असतं, वेळ चुकीची पकडलीय (रात्री अकराला लिहीन म्हणणारा झोपतोच), किंवा कथेत पुढे काय होणार हेच ठरलेलं नाही. दुसरं असेल तर शिस्त वाढवून काही होणार नाही. मेमध्ये लिहिलेल्या त्या अर्ध्या पानाकडे जा, बघा की तुमच्या माणसाला नक्की काय हवंय.

एक साक्षीदार ठेवा

हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात कादंबऱ्या क्रमशः लिहिल्या. दर आठवड्याला वाचक पुढच्या प्रकरणाची वाट बघत असणार, अशा वेळी मूड नाही म्हणून कसं चालेल? आपली वाट बघणारं कोणी नसतं, तर एक जण नेमा. मित्र, बहीण, कोणीही, लिहिणारा असला तर बरं. त्याला कथा पाठवायची नाही, सांगायचीही नाही, लिहिण्याच्या दिवशी फक्त आकडा पाठवायचा. '२१०.' '१८०.' '०.' शून्यही पाठवायचं हे महत्त्वाचं. आणि त्याने उपदेश करायचा नाही, अंगठ्याचा इमोजी टाकला की झालं. यासाठी मोठा व्हॉट्सअॅप ग्रुप काढू नका, आठवड्याभरात तिथे सुप्रभातचे फोटो सुरू होतात.

पाठवणं ही शेवटची टाळाटाळ

कथा झाली, शुद्धलेखन झालं, आणि आता माणूस म्हणतो, अजून एकदा बघतो. हा तोच आजार. म्हणून २० जुलै ही तारीख शेवटच्या सुधारणेची आणि २१ ला मेल गेलाच पाहिजे.

पाठवताना: मजकूर युनिकोडमध्ये असू द्या, जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर नुसती अगम्य चिन्हं दिसतात. वर्डची फाइल आणि सोबत पीडीएफ, म्हणजे अक्षरं कशी दिसायला हवीत ते तिकडे कळतं. फाइलच्या नावात कथेचं आणि तुमचं नाव, 'फायनल नवीन २' असलं काही नको. कथेच्या शेवटी नाव, पत्ता, फोन. मेलमध्ये चार ओळी, कथा अप्रकाशित आहे आणि शब्दसंख्या इतकी. कथेचा अर्थ समजावून सांगू नका.

एकच कथा एकाच वेळी दोन अंकांना पाठवू नका, दोन्हीकडे छापून आली तर तिसऱ्यांदा दोघंही दारात उभं करणार नाहीत. कुठे, कधी पाठवली ते वहीत लिहा. पोच येईलच असं नाही, नकार तर बऱ्याचदा येतच नाही, संपादक मंडळी त्या दिवसांत कामात बुडालेली असतात. महिनाभराने एक मेल टाकून विचारायला हरकत नाही. दसऱ्यापर्यंत काहीच कळलं नाही तर अजून एक ओळीचा मेल टाका, की कथा आता दुसरीकडे पाठवतोय, आणि ती नेहमीच्या मासिकाकडे पाठवून द्या, मासिकांना जानेवारी-फेब्रुवारीतही कथा लागतातच.